मांडीचा स्नायू आणि बुडालेला हंगाम

गेल्या मंगळवारी एक वडील आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे शाळेच्या मैदानावर शंभर मीटर पळताना मांडीच्या मागे काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं आणि तो जागीच बसला. घरी दोन दिवस गरम तेलानं चोळून झालं होतं. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली होती. वडिलांचं मागणं सरळ होतं, "डॉक्टरसाहेब, एक कडक इंजेक्शन मारा. ग्राउंड पंधरा दिवसांवर आलंय."

मी इंजेक्शन दिलं नाही. वडील रागावले. त्यांची समजूत घालताना मी अमेरिकेतल्या एका खेळाडूची गोष्ट सांगितली. त्यांना ती कितपत पटली कोण जाणे, पण वाचकांनाही सांगावीशी वाटते.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. २०१६ च्या सप्टेंबरात मी त्याच्याकडे गेलो होतो. एका रविवारी दुपारी पुतण्या ८० नंबरचा निळा सदरा घालून टीव्हीपुढे बसला. तिकडे फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातानं फेकायचा, आणि अंगावर शिरस्त्राण-चिलखत घालून एकमेकांना आडवं पाडायचं. त्यात रिसीव्हर नावाचा एक खेळाडू असतो. त्याचं काम म्हणजे थांबल्या जागेवरून एकदम सुसाट सुटायचं, मध्येच दिशा बदलायची आणि लांबून आलेला चेंडू पळता पळता झेलायचा. डॉक्टरच्या नजरेनं पाहिलं तर मांडीचे स्नायू तुटायला याहून सोयीचा खेळ सापडणार नाही.

पुतण्याचा लाडका खेळाडू होता व्हिक्टर क्रूझ. त्याच न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा, म्हणजे एके काळी रेशमाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावचा. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. दरवर्षी ते सात फेऱ्यांमध्ये कॉलेजातली सुमारे अडीचशे मुलं निवडून घेतात. २०१० साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून बाहेर पडलेल्या क्रूझचं नाव कुठल्याच फेरीत आलं नाही. अशा न निवडलेल्या मुलांना संघ किरकोळ पैशांत सरावाला बोलावतात. न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला असंच बोलावलं. सरावाला ऐंशी जण, आणि हंगाम सुरू होताना ठेवायचे फक्त त्रेपन्न.

१६ ऑगस्ट २०१० ला हंगामापूर्वीचा सामना झाला. न्यूयॉर्कच्याच जेट्स संघाविरुद्ध या पोरानं एका रात्रीत १४५ यार्ड मारले आणि तीनदा गोलरेषा ओलांडली. त्रेपन्नात त्याची जागा पक्की झाली. मग खरा हंगाम सुरू झाला, तीन सामन्यांत हाती एकही झेल नाही, आणि तेवढ्यात मांडीचा मागचा स्नायू दुखावला. संघानं त्याला जखमी खेळाडूंच्या यादीत टाकलं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्या यादीत गेलेल्याला त्या हंगामात परत मैदानावर येता येत नसे. म्हणजे वर्ष बुडालं.

आता ही दुखापत काय असते ते सांगतो, कारण ती आपल्याकडच्या कबड्डीच्या मैदानावर आणि भरतीच्या ग्राउंडवर रोज होते. लोक म्हणतात "शीर चढली". शिरेचा इथे काही संबंध नाही. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा जे हाड खुर्चीला टेकतं, तिथून तीन लांब स्नायू निघतात आणि मांडीच्या मागून गुडघ्याखाली जाऊन चिकटतात. भरधाव पळताना पाय पुढे फेकला जातो, त्याला लगाम घालायचं काम त्यांचं. म्हणजे ताणले जात असतानाच त्यांना आवळायचं असतं. टाच जमिनीला टेकायच्या जरासं आधी हा ताण सर्वांत जास्त असतो, आणि स्नायूचे धागे तेव्हाच तुटतात.

धागे तुटले की आत रक्त साकळतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत बर्फ, घट्ट पट्टी आणि विश्रांती हवी. आपल्याकडे नेमकं उलट होतं. गरम तेल, शेक, आणि एखादा चोळणारा बोलावून अंगठ्यानं 'गाठ मोडणं'. त्यानं रक्तस्राव वाढतो. पुढे तुटलेल्या जागी नवी चिवट पेशी भरते, पण तिला बळ यायला वेळ लागतो. साध्या लचकेला दोन-तीन आठवडे, बरेच धागे तुटले असतील तर दीड-दोन महिने, आणि स्नायू हाडापासूनच सुटला तर तीन महिन्यांहून जास्त, प्रसंगी शस्त्रक्रिया.

गंमत अशी की दुखणं त्याच्या फार आधी थांबतं. आठ-दहा दिवसांत मुलगा चालतो, जिना चढतो, हळू पळतोही. त्याला वाटतं झालं बरं. मग तो पूर्ण वेगानं पळतो आणि त्याच जागी पुन्हा तुटतं. एकदा दुखावलेली मांडी पुन्हा दुखावण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि त्यातही मैदानावर परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे धोक्याचे.

म्हणून क्रूझच्या त्या बुडालेल्या वर्षाकडे मी वैद्यकीय नजरेनं पाहतो. न निवडलेल्या, अजून एकही झेल न घेतलेल्या मुलाला विचारलं असतं, तर दुखऱ्या मांडीवरही तो पळायला तयार झाला असता, असं माझं अनुमान आहे. बसलो तर विसरले जाऊ ही भीती माणसाला काहीही करायला लावते. नियमानं त्याला तो पर्यायच ठेवला नाही. पुढच्या हंगामात, २०११ मध्ये, पहिल्या सामन्यात हात रिकामेच. तिसऱ्या सामन्यात ११० यार्ड. २४ डिसेंबरला पुन्हा त्या जेट्सविरुद्धच त्यानं एका झेलावर ९९ यार्डांची धाव घेतली. आपल्या हिशेबानं नव्वद मीटर, त्याच मांडीवर. हंगामाअखेर १५३६ यार्ड झाले. त्या संघाच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. ५ फेब्रुवारी २०१२ ला त्याचा संघ अंतिम सामनाही जिंकला.

इथं मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९८ साल. दवाखाना उघडून दोन-तीन वर्षं झाली होती. कबड्डीच्या एका अंतिम सामन्याच्या संध्याकाळी मंडळाचे चार जण एका चढाईपटूला धरून घेऊन आले. मांडी दुखत होती. मी हात लावून पाहिलं, मला कळलंही की स्नायू दुखावलाय. पण चार माणसं समोर उभी, बाहेर जीप सुरू, आणि गावाची इज्जत वगैरे. मी वेदनाशामक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात पोरगं हसत गेलं. दुसऱ्या चढाईत स्नायू पार तुटला. त्या मुलाला मी रात्री त्याच जीपमधून जिल्ह्याला पाठवलं. तो पुन्हा कधी कबड्डी खेळला नाही. आज त्याचं किराणा दुकान आहे, नातवंडांना घेऊन तो माझ्याकडेच येतो. त्या इंजेक्शनाबद्दल एवढ्या वर्षांत तो एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

वेदना हा शरीराचा राखणदार आहे आणि मी त्याला त्या संध्याकाळी गुंगी दिली. अमेरिकेतही हे होतंच. २०१४ साली तिथल्या निवृत्त खेळाडूंनी लीगविरुद्ध कोर्टात दावा लावला. दुखापती लपवून खेळत राहावं म्हणून आम्हाला वेदनाशामकं सर्रास दिली गेली, असा त्यांचा आरोप होता. तेव्हा तिकडचं सगळं शहाणपणाचं, असं मी म्हणत नाही.

आणखी एक खरी गोष्ट. क्रूझला संघानं सांभाळलं, कारण त्या ऑगस्टच्या रात्री त्यानं आपली चमक दाखवली होती. नवख्या खेळाडूची मांडी सरावातच दुखावली तर संघ त्याला थोडे पैसे देऊन मोकळं करू शकतो, आणि तशी पोरं पुष्कळ असतात. विश्रांती घ्या, हे सांगायला डॉक्टरचं काय जातं? घेणाऱ्याची जागा कुणीतरी राखून ठेवावी लागते. आमच्या तालुक्यातली किती मंडळं दुखावलेल्या खेळाडूची जागा राखतात? वर्गणीतून मंडप होतो, डीजे लागतो, विजेत्याला मोटारसायकल मिळते. जखमी पोराच्या एक्स-रेचे पैसे मात्र बाप भरतो. मंडळांनी दरवर्षी वर्गणीतला थोडा पैसा औषधपाण्यासाठी बाजूला काढावा, आणि डॉक्टरचा होकार आल्याशिवाय जखमी खेळाडूला संघात घेऊ नये, एवढं तरी व्हावं. मी हे दोन मंडळांच्या बैठकीत बोललो आहे. चहा चांगला मिळाला.

त्या रविवारी एडिसनला मी पाहिला तो क्रूझचा दुसरा परतीचा सामना. १२ ऑक्टोबर २०१४ ला फिलाडेल्फियात झेलासाठी उडी घेताना त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा तुटला होता. हा पट्टा तुटला की वाटी वर सरकते आणि पाय सरळ करता येत नाही. शस्त्रक्रिया झाली. परतायच्या वेळी दुसऱ्या पायाची पोटरी दुखावली. हे मी नेहमी पाहतो, माणूस दुखऱ्या पायाला जपतो आणि चांगल्या पायावर भार टाकतो. २०१५ चा हंगाम पूर्ण गेला. तेवीस महिन्यांनी, ११ सप्टेंबर २०१६ ला, डॅलसमध्ये तो उतरला आणि शेवटच्या टप्प्यात तीन यार्डांवरून त्यानं चेंडू झेलला. संघ २०-१९ असा जिंकला. आजीनं शिकवलेला साल्सा तो नेहमी नाचायचा, तसा नाचला. पुतण्या सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. मी त्याचा गुडघा पाहत होतो. पुढच्या फेब्रुवारीत संघानं त्याला सोडून दिलं, हेही सांगायला हवं.

हे सगळं ऐकून झाल्यावर त्या मंगळवारी वडील म्हणाले, "ते ठीक आहे साहेब, पण ही भरती गेली तर?" मी म्हटलं, खुल्या गटातसुद्धा वयाची मर्यादा अठ्ठावीसची आहे, पोराला अजून सात वर्षं आहेत. त्यावर ते म्हणाले, "भरती दरवर्षी निघते का?" निघत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. केसपेपर घडी करून त्यांनी खिशात घातला आणि मुलाला घेऊन गेले.

शुक्रवारी मुलगा एकटाच आला. लंगडत, पण एकटा. म्हणाला, "सर, व्यायाम दाखवा." मी त्याला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा जरासा वाकवायला लावला आणि टाच गादीत हळूहळू दाबायला सांगितली, दुखायला लागायच्या अलीकडे थांबायचं. दहा आकडे मोजून सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पळणं इतक्यात नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलावलं आहे.