वटवाघळे हाकलली की निपाह टळतो का?

केरळ किंवा पश्चिम बंगालमधून निपाहची बातमी आली की चंदगड भागातल्या रुग्णांकडून हमखास प्रश्न येतो : घरामागच्या वडावर वटवाघळे आहेत, झाड तोडावे का? उत्तर आधीच सांगतो. तोडू नका.

भीती अगदीच निराधार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. काहींमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली, म्हणजे त्यांचा या विषाणूशी कधीतरी संबंध आला होता. पण वटवाघळात विषाणू असणे आणि माणसाला आजार होणे यात बरेच अंतर आहे. २००१ मध्ये सिलिगुडीत बहुतेक रुग्णांना लागण झाली ती रुग्णालयात, दुसऱ्या रुग्णाकडून.

हाकलल्याने काय होते, हे युगांडात दिसले. तिथल्या एका खाणीत कामगारांना मारबर्ग हा आजार झाला, म्हणून २००८ च्या सुमारास वटवाघळे मारून टाकली. काही वर्षांनी नवी वटवाघळे आली, तेव्हा त्यांच्यातले संसर्गाचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून जास्त निघाले. २०१२ मध्ये त्याच परिसरात पुन्हा साथ आली.

आपल्याकडे तर नुकसान दुहेरी. फळे खाणारी वटवाघळे वड, उंबर, जांभळाच्या बिया लांबवर टाकतात. काजूची बोंडे खाऊन बीही दूर नेतात. छोटी वटवाघळे रात्रभर किडे टिपतात. चंदगडपासून फार लांब नसलेल्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेत राउटनचे वटवाघूळ हे जगातले एक अतिदुर्मीळ वटवाघूळ राहते. कायद्याने मात्र १९७२ पासून फळे खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांना उपद्रवी ठरवले होते. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत रद्द झाली. उशिरा का होईना, बरे झाले.

खरे सांगायचे तर काजूच्या हंगामात मला जास्त काळजी गोचिडांची वाटते. शेजारच्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, ती गोचिडांमुळे. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, परतल्यावर अंग तपासा. मेलेल्या माकडाला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा वनखात्याला कळवा.

वटवाघळांबाबत एवढे पाळा : दातांच्या खुणा असलेले फळ खाऊ नका, मुलांनाही देऊ नका. पडलेली बोंडे गोळा केल्यावर साबणाने हात धुवा. वटवाघूळ जखमी असले तरी उघड्या हाताने उचलू नका. चावलेच तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस लागेल का, ते ठरवतील. आणि तापाबरोबर गुंगी, बरळणे किंवा झटके असतील तर घरी थांबू नका. निपाह असलेल्या भागातून कोणी आले असल्यास तेही दवाखान्यात आधीच सांगा.