सायकलवाला बांधाशी थांबतो, म्हणून लिहितोय

तीन आठवडे पानावर काही टाकलं नाही, कांदा काढणीत होतो. काल शेवटच्या माळा विणून टांगल्या, आज हात मोकळे आहेत. आज रोग, खत, फवारणी काही नाही. आज सायकलींवर लिहितोय. हसू नका, फिरून फिरून शेतावरच येणार आहे.

पौषातली गोष्ट. सकाळी कांद्याला पाणी लावत होतो. रस्त्यावर दोन सायकली थांबल्या. एक बाई आणि त्यांचे यजमान, दोघंही साठीच्या आसपास. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत सायकली टाकून मांडव्याला उतरलेले. सासवणे, आवास, किहीम करत अलिबागला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूला आत शिरले. बाईंनी विचारलं, "दादा, ही पात कसली?" म्हटलं पांढरा कांदा. त्यांना वाटलं होतं पांढरा कांदा म्हणजे लाल कांद्याचीच एक जात, कुठेही होणारी. मग बांधावर बसून अर्धा तास बोललो. भात कापल्यावर त्याच जमिनीत लावतो, बियाणं घरचं धरतो, तिखटपणा कमी आणि चव गोड का, हे सगळं सांगितलं. विकत मागितला. आता कुठला देणार? म्हटलं फाल्गुनात या. घरच्यांनी आदल्या रात्रीची पोपटी उरलेली होती ती दिली, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याच्या वासाच्या. खाऊन गेले.

मला वाटलं, गेले ते गेले. मार्चमध्ये खरंच परत आले. सहा माळा घेतल्या, सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवल्या, आणि सोबत आणखी चार जणांना घेऊन आले होते. त्या चौघांनीही घेतल्या.

आमचा शेजारी म्हणाला, "ह्यानं काय पोट भरतंय काय?" नाही भरत, कबूल आहे. वर्षाला पन्नास सायकलवाले आले तरी माझं भाताचं बियाणं आणि मजुरी सुटणार नाही. पण शनिवारी वडखळहून अलिबागपर्यंत जी गाड्यांची रांग लागते, त्यातली एक तरी गाडी माझ्या बांधाशी थांबते का? ती थांबते हॉटेलाशी. वाटेत पाटी दिसते 'अलिबागचा पांढरा कांदा', काच खाली करून माळ घेतात आणि जातात. ती माळ कुठल्या जिल्ह्यातून आली ते विकणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण पेढे वाटले. पण कागदावरचं मानांकन रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. सायकलवाल्याला पात दिसते, वाफा दिसतो, माती पायाला लागते. त्याला फसवायला जागाच उरत नाही. मानांकनाची खरी तपासणी आजघडीला हीच माणसं करतायत, आणि फुकट.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल. रस्त्याकडेला आमचे बारा गुंठे आहेत. थोरल्याचं म्हणणं, विकून टाकू. दलाल दोन वेळा येऊन गेला. मुलगा चुकीचं बोलतो असं मी म्हणणार नाही, त्याला नोकरी नाही आणि त्या बारा गुंठ्यांत भात किती होतं ते त्यानं स्वतः मोजलंय. पण पलीकडचा तुकडा पाच वर्षांपूर्वी गेला, त्याचं काय झालं तेही त्यानं पाहिलंय. घेणाऱ्यानं तीन फूट भराव टाकला, भिंत घातली, आणि पऱ्ह्याचं पाणी अडलं. दोन पावसाळे माझ्या खालच्या खाचरात आवणी झाल्यावर भात कुजला. भिंतीत पाइप टाका म्हणून हात जोडले तेव्हा तिसऱ्या वर्षी टाकला. तो बंगला वर्षातले वीस दिवस उघडा असतो.

अशी भिंत रस्त्याला लागून एकामागून एक उभी राहिली की सायकलवाला तरी कशाला येईल? भिंत बघायला? तो येतो ते उघड्या शिवारासाठी.

ह्याची खात्री करायला मी स्वतःच सायकल काढली. माझी जुनी ॲटलास, जिच्यावरून दहावीला असताना कांद्याच्या माळा अलिबागच्या बाजारात नेत होतो. टायर-ट्यूब नवीन टाकले आणि भाच्याला घेऊन निघालो, पहिला मुक्काम चौलला सासुरवाडीला, दुसऱ्या दिवशी मुरूड. पहाटे निघालो कारण मतलई वारा असतो तोवर अंग थंड राहतं, अकरानंतर खारं वारं सुटलं की समोरून ढकलतं.

पस्तीस वर्षं मी त्या रस्त्यानं एसटीनं आणि मोटारसायकलनं गेलोय. पण नागावपासून चौलपर्यंतच्या वाड्यांत नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, असे मजले कसे चढवलेत ते ह्या वेळी नीट पाहिलं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ज्या वाड्या आडव्या झाल्या, तिथे नवी सुपारी आता कुठे डोक्याएवढी झालीय, आणि मधल्या रिकाम्या जागेत कोणी केळ लावलीय, कोणी हळद. एका वाडीवाल्या काकांशी बोललो, त्यांनी ऊन लागून रोपं करपतात म्हणून पश्चिमेच्या अंगाला केळीची दाट ओळ धरलीय. हे मोटारसायकलवरून दिसलं नसतं.

रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटातून रस्ता जातो. तो कोट 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. आज आत नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, पडक्या चर्चच्या भिंतीला लागून पाटाचं पाणी वाहतं. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई, तिथे किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत अजून घरात पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. भाचा बारावीला आहे, त्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. परतताना आम्ही पोयनाडच्या अंगानं चरीवरून आलो. त्याला सांगितलं, इथल्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 मध्ये संप केला आणि 1939 पर्यंत शेतं पडीक ठेवली, नारायण नागू पाटील पुढारी होते, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. कसणाऱ्याच्या नावावर जमीन यावी म्हणून सहा वर्षं लोकांनी जंगलातली लाकडं विकून, मोलमजुरी करून दिवस काढले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मग आता आपण विकतो का?" मला उत्तर सुचलं नाही. पुढे चढ होता, त्याचं निमित्त झालं.

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले बरेच जण हे पान वाचतात, त्यांच्यासाठी जरा आगाऊपणे सांगतो. माझ्या लहानपणी शेतीचं सांगायला येणारे साहेब सायकलवरून यायचे. खारेपाटातल्या बांधावरून जाताना खेकड्यानं पाडलेलं भोक त्यांना आधी दिसायचं, उघाडीच्या फळ्या गळतायत हे ते गावाला सांगायचे, मग घरटी एक माणूस जाऊन चिखल भरायचा. आता बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरलं की मग फोटो काढायला गाडी येते. पनवेल 3 सारखं खारं सोसणारं भात तुम्ही दिलंत, उपकार आहेत. पण भरतीचं पाणी दोन-दोन महिने उभं राहिलं तर कुठलंच वाण टिकत नाही. महिन्यातून एक शिवारफेरी सायकलवर करून बघा. गुडघे दुखतात, पण दिसतं पुष्कळ.

आणि आपल्या लोकांना. सायकलवाला थांबला तर त्याला लुटू नका. माळेचा भाव सगळ्या गावानं एकच ठेवा. रस्त्याच्या कडेची चिंच, भेंड, आंबा रुंदीकरणाआधीच सरपणाला तोडतायत काही जण, ते थांबवा, सावली गेली की ही वाट मेली. विहिरीवर एक माठ, एक बाकडं, एवढं पुरे. रिसॉर्ट काढायला कोणी सांगत नाही. आणि भात कापल्यावर बांधावरून कोणी गेला तर जाऊ द्या, फक्त वालात पाय घालू नका म्हणून सांगा, ते ऐकतात.

बारा गुंठ्यांचं अजून ठरलेलं नाही. मुलाला म्हटलं, एक हंगाम दे. पुढच्या वर्षी रस्त्याकडेला कांदाच लावू, मागे वाल, आणि माळा तूच विक, पैसे तुझे. तो म्हणाला बघू. दलालाला दिवाळीनंतर यायला सांगितलंय त्यानं.

माळा थोड्याच शिल्लक आहेत, त्या बेण्यासाठी ठेवल्यात, मागू नका. आणि मुरूड रस्त्याला काशीदच्या पुढे सायकलचं पंक्चर काढणारं कोणी माहीत असेल तर खाली लिहा, आम्ही दोघं तिथे तीन किलोमीटर चालत गेलो.