कबुतरे कोणाची, दाणा कोणाचा?

२०२५ मध्ये आरोग्याच्या कारणास्तव दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा वाद भूतदयेचा भासला. आम्हाला मात्र स्कॉटलंडमधल्या जमीनदारांचे दगडी कबुतरखाने आठवले. तिथे १६१७ च्या कायद्याने ठरावीक उत्पन्नाची जमीन असणाऱ्यालाच कबुतरखाना बांधता येई. कबुतरांचे मांस धन्याच्या ताटात जाई. पिकाची नासाडी मात्र आसपासची कुळे सोसत.

इकडे पिंगळीच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की पाखरांवर गोफण फिरते. ती फिरवणारा निर्दय नसतो. पाखरांनी खाल्लेला दाणा त्याच्याच कणसातला असतो. दादरला पुण्य दाणे टाकणाऱ्याचे, खोकला शेजाऱ्याचा. दया जरूर करावी. पण तिची किंमत ज्याची त्याने मोजावी, असे आमचे मत आहे.