वही तुमची, नंबर माझा

गेल्या पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. फोटो माझ्या चुलत भावाचा, खाली मोठ्या अक्षरांत 'चोर'. तोच फोटो माझ्या आईला, त्याच्या मुकादमाला, सिलिंडरवाल्याला आणि जिथे त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती त्या घरीही गेला होता. अंजूरच्या आसपास गोदामंच गोदामं. त्यातल्याच एकात तो माल चढवतो-उतरवतो. हाताला लागलं, पंधरा दिवस खाडे झाले, म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून एक ॲप उतरवून त्याने पाच हजारांचं कर्ज घेतलं होतं.

काकीने मला विचारलं, "कर्ज त्याने घेतलं, मग तुझा नंबर त्यांना कुठून मिळाला रे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इतका नेमका प्रश्न मला कुठल्या इंटरव्ह्यूत कुणी विचारला नव्हता. ॲपने 'कॉन्टॅक्ट्स वापरू का?' म्हटलं, भावाने 'हो' दाबलं. पण नंबर माझा. मला कुणी विचारलं?

म्हणून 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य ऐकलं की आता डोकं फिरतं. तुमच्याकडे नसेल हो. पण तुमच्या फोनमधल्या चारशे लोकांचं काय? नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून नंबर बदललेली मैत्रीण आहे त्यात. अजून घरी न सांगितलेल्या आजारावरच्या डॉक्टरचा नंबर आहे. त्यांच्या वतीने 'हो' म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? (आणि अंजूरकराने तर हे बोलूच नये. गंगाजी नाईकांचा आपण अभिमान सांगतो. त्यांनी पोर्तुगीजांच्या नाकाखाली पेशव्यांशी गुप्त संधान बांधलं. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली ती काही सगळं चव्हाट्यावर ठेवून नाही.)

नियम नाहीत असं नाही. कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं. पुढच्या वर्षी गूगलनेही प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲप्सना तीच बंदी घातली. पण भावाचं ॲप प्ले स्टोअरवरचं नव्हतंच. त्याच्यासाठी रिझर्व्ह बँक म्हणजे नोटेवरची सही. त्याला अडवू शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे 'नाही' हे बटण.

आणि ते बटण कुणाला दाबू न देण्याचा पगार मी घेतलाय. पहिल्या नोकरीत मी एक चौकोन लिहिला होता, अँड्रॉइडच्या खऱ्या प्रश्नाच्या आधी दिसणारा. 'मित्रांना सहज शोधा!' त्याखाली ठसठशीत निळं 'हो', आणि बाजूला फिकट राखाडी 'आत्ता नको'. 'नाही' ठेवलंच नव्हतं. आत्ता नको म्हणजे परवा पुन्हा विचारणार. खरं तर त्या ॲपला लागायचा एकच नंबर, आणि वापरणाऱ्याने एकच नाव निवडून द्यावं अशी खिडकी अँड्रॉइडमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे. तिला अख्ख्या वहीची परवानगी लागत नाही. आम्हाला ते माहीत होतं. आयफोनमध्ये तर २०२४ च्या आयओएस १८ पासून मोजकीच नावं देता येतात. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची कधीच नव्हती. मीटिंगमध्ये ठरलं, 'घेऊन ठेवू, पुढे लागेल.' मी मान डोलावली.

मग सायबर फसवणुकीची कॉलर ट्यून वाजवून लोकांनाच 'सावध राहा' सांगितलं जायचं, याचा राग येतो. रात्रपाळी करून आलेला, हात सुजलेला माणूस किती सावध राहील? सावध मी राहायला हवं होतं, तो चौकोन लिहिताना.

१९३० वर तक्रार केली. लग्नाची बोलणी थांबली ती थांबलीच. मग ओट्यावर बसून भावाचा फोन उघडला: सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, कॉन्टॅक्ट्स. चौदा ॲप्स. त्यात एक टॉर्च, एक पंचांग. टॉर्चला चारशे नंबर कशाला हवेत, ते टॉर्चलाच माहीत. एकेक बंद करत गेलो. जे आधीच गेलंय ते याने परत येत नाही, हेही त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "आता तुझा दाखव."

माझ्यात अकरा निघाली.