इंचाचा मीटर, गुंठ्याचा आर



पुण्याला कामानिमित्त गेलात की शनिवार पेठेतला शनिवारवाडा पोराबाळांना दाखवताच. थोरल्या बाजीरावांनी 1730 साली त्याचा पाया घातला. तेव्हा आपल्याकडे मोजमाप हाताने नि गजाने होई. इंच-फूट आले इंग्रजांबरोबर आणि मीटर त्याच्याही मागून. वाड्याच्या दिल्ली दरवाजाची उंची 21 फूट सांगतात. म्हणजे किती मीटर, असे मुलाने विचारले तर चटकन सांगता येईल का?

हिशेब अवघड नाही. एकच आकडा पाठ करा : 1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर. 21 फुटांचे इंच करा, 21 गुणिले 12, म्हणजे 252. त्यांना 2.54 ने गुणा, आले 640.08 सेंटिमीटर. 100 ने भागा, की झाले 6.40 मीटर. उलट जायचे असेल तर मीटरचे सेंटिमीटर करून 2.54 ने भागा. 1 मीटर म्हणजे 39.37 इंच.

पुष्कळजण सोपे पडते म्हणून 2.54 ऐवजी अडीचच धरतात. दारखिडकीच्या पडद्याला त्याने फारसे अडत नाही. जमिनीला मात्र अडते. कसे ते पाहा.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. 33 फुटांचे 396 इंच. बरोबर हिशेबाने ते 10.06 मीटर होतात आणि गुंठा भरतो 101.17 चौरस मीटर. अडीचने धरले तर बाजू 9.90 मीटर येते आणि गुंठा उरतो 98.01 चौरस मीटर. फरक गुंठ्याला तीन चौरस मीटरांचा; पण एकराला, म्हणजे 40 गुंठ्यांना, तो जवळजवळ सव्वा गुंठ्यावर जातो! लांबीतली बारीक चूक रुंदीतही होते, म्हणून क्षेत्रात ती दुपटीने वाढते.

दुसरी गोष्ट. आपण बोलतो एकर-गुंठ्यात, पण सातबारावर असतात हेक्टर-आर. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर. 'गुंठा काय नि आर काय, एकच' असे म्हणू नका. एक एकर म्हणजे 40 आर नव्हे, 40.47 आर. एकराचे पैसे मोजून कागदावर 40 आर लिहून घेतले, तर सुमारे 500 चौरस फूट जमीन गेली. तेवढ्यात एक लहानसे घर उभे राहते.

तेव्हा भावाभावांची वाटणी असो की खरेदीखत, बोलणी गुंठ्यात खुशाल करा; पण सही करण्यापूर्वी आर मांडून पाहा. घरातल्या शाळकरी मुलीला किंवा मुलाला हिशेबाला बसवा. त्यांचे गणित पक्के होईल आणि तुमचा बांधही जागेवर राहील.