किल्ली कुणाच्या हाती?

‘हल्ली सामाजिक कामाला माणसं मिळत नाहीत,’ हे वाक्य संस्थांच्या वार्षिक सभेत हमखास ऐकू येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. समुद्रकिनारा साफ करायला रविवारी सकाळी तरुण मुलं-मुली हौसेनं जमतात. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा गावोगावांहून मदतीच्या गाड्या निघाल्या. करोनाच्या काळात अनोळखी घरांपर्यंत डबे पोचवणारे तरुण आपण पाहिलेच. मिळत नाही तो रोज संध्याकाळी वाचनालयाचं कुलूप उघडणारा, वर्गणीची पावती फाडणारा, जमाखर्च लिहिणारा माणूस.

आपल्या संस्था अशाच माणसांनी टिकवल्या. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. संस्थापकांची नावं इतिहासात येतात. संस्था मात्र चालते ती रोजच्या हजेरीवर.

बँकेत साडेतीन दशकं काढल्यामुळे संस्थांची प्रकृती मला त्यांच्या खात्यांवरून कळायची. नमुना सह्यांच्या कार्डावर वर्षानुवर्षं तीच तीन नावं. अक्षर थरथरू लागे, सही जुळेना, तरी नवं नाव येत नसे. मग त्यातलं कुणी गेलं की व्यवहारच अडे. नवे पदाधिकारी नेमायचे तर ठराव हवा, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज हवा. तो करणार कोण? दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं उलटली, की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालच्या योजनेनुसार ठेवीदारांसाठीच्या निधीत जमा होते. मागितली तर ती परत मिळते, हे खरं. पण मागायला संस्था तर जिवंत हवी ना!

दोष तरुणांना देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण जुन्या कार्यकर्त्याला बहुधा ठरावीक वेळेची, कायमची नोकरी असे. घरी स्वयंपाकपाणी, मुलांचा अभ्यास, आला-गेला बघणारी बायको असे. तिच्या कष्टांवर त्याची समाजसेवा चाले, हे अहवालात सहसा छापून येत नसे. आज नवरा-बायको दोघंही रात्री आठ-नऊला लोकलमधून उतरतात. त्यांच्यापाशी एखादा रविवार आहे, रोजची संध्याकाळ नाही. आणि तरुण आलाच, तर त्याला सतरंज्या उचलायला सांगायचं, निर्णयाच्या वेळी मात्र ‘तू अजून लहान आहेस’ म्हणायचं, हेही बऱ्याच ठिकाणी चालतं.

बिघडलं कुठं, असं कुणी म्हणेल. समितीच्या बैठकीत माणूस विरोधी मत ऐकून घ्यायला शिकतो, ठरावात हरूनही दुसऱ्या दिवशी कामाला यायला शिकतो, दुसऱ्याच्या पैशाचा पैन्‌पैचा हिशेब द्यायला शिकतो. लोकशाहीचे हे धडे एका सकाळच्या मोहिमेत मिळत नाहीत.

म्हणून कामाचीच वाटणी बदलायला हवी. एकाच्या गळ्यात सात संध्याकाळी घालण्यापेक्षा सात घरांत एकेक द्यावी. खजिनदाराची मुदत तीन वर्षांची करावी, सोबतीला पंचविशीतला सहखजिनदार घ्यावा, सहीच्या अधिकारासकट. रोजच्या कामाला माणूस ठेवावा आणि त्याला नीट पगार द्यावा. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या सभेत ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणण्याआधी प्रत्येक समितीनं स्वतःला एवढंच विचारावं : आपण कुणाला, कोणतं काम, किती दिवसांसाठी सांगून पाहिलं होतं?