काचेपलीकडचा मिस्त्री

गाडी दुरुस्तीला न्यायची म्हणजे आताशा अंगावरचे कपडे बदलावे लागतात. ट्रॅक्टरचं काही निघालं तर मी आहे तसा, चिखलाच्या पायांनी बार्शीला जातो. चारचाकी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची तर धुतलेला सदरा आणि पायात बूट. तिथली फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. थंडगार हवा, मऊ कोच, कॉफीचं यंत्र, भिंतीवर टीव्ही. सगळं आहे, फक्त गाडी दुरुस्त करणारा माणूस कुठं दिसत नाही. तो काचेच्या पलीकडं असतो.

माझं भांडण त्या काचेशी आहे.

ही गाडी आम्ही हौसेनं घेतली नाही. आमच्या मंडळीला पाच वर्षं झाली डायलिसिस लागतं. मंगळवार आणि शुक्रवार, सोलापूर. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर पडतं. पहिलं वर्ष एसटीनं काढलं. येताना तिच्यानं बसवत नसे, खांद्यावर डोकं टाकून यायची. मग थोडे द्राक्षाचे पैसे, थोडं थोरल्याच्या नावावरचं कर्ज, अशी गाडी दारात आली. चालवतो मीच.

गेल्या एप्रिलात तिचा गरमीचा काटा वर चढायला लागला. पण कसा चढायचा ते नीट ऐका. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात काटा जागचा हलत नसे. सोलापुरात शिरलं, सिग्नलला थांबलं, की पाच मिनिटांत वर. परत पळायला लागली की खाली. दहावी शिकलेल्या माणसाला एवढं कळतं की दुखणं चालण्यात नाही, थांबण्यात आहे. बैल चरेना झाला तर आपण गुरांच्या डॉक्टरला काय सांगतो? कधीपासून चरत नाही, शेण कसं पडतं, रवंथ करतो का. निम्मं निदान मालकाच्या तोंडात असतं.

ते सगळं मी सांगितलं. समोर टाय लावलेला पंचविशीतला पोरगा, हातात टॅब.

तो म्हणाला, "काका, तुमची पेड सर्व्हिस ड्यू आहे. सगळं जनरल चेकअप करून घेऊ."

"बाळा, चेकअप कर, पण आधी काटा का चढतो ते बघ. थांबलं की चढतो."

"हो हो, ते त्यातच येतं."

टॅबवर चार-पाच टिचक्या मारल्या, माझं बोट धरल्यासारखं करून काचेवर सही घेतली. मी म्हटलं, मिस्त्रीला बोलव, दोन शब्द त्याच्या कानावर घालतो. तर कस्टमरला आत सोडत नाहीत, सेफ्टी आहे. बरोबर आहे. वर उचललेल्या गाडीखाली म्हाताऱ्यानं कशाला जावं? पण मिस्त्रीला बाहेर यायला कोणती सेफ्टी आडवी येते?

संध्याकाळी ११ हजार ४०० रुपयांचं बिल हातात आलं. ऑइल, फिल्टर, कूलंट, ठीक आहे, ते लागतंच. पण खाली थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीत मारायचं जंतुनाशक, आणि इंजिन ड्रेसिंग. जखमेला पट्टी करतात तिला ड्रेसिंग म्हणतात एवढं मला दवाखान्याच्या फेऱ्यांमुळं माहीत झालंय. इथं बॉनेट उघडून इंजिनाला चमक आणणारं काहीतरी फवारतात, त्याला ड्रेसिंग म्हणतात. लग्नाला न्यायचं होतं काय इंजिन?

थोरला पुण्याला असतो. त्यानं मोबाइलवर आलेला तो इंग्रजी कागद वाचून दाखवला. गिऱ्हाइकाची तक्रार म्हणून जो रकाना असतो त्यात लिहिलं होतं, 'जनरल सर्व्हिस'. सिग्नल नाही, काटा नाही, थांबणं नाही. मी पंधरा मिनिटं बोललो त्यातला एक शब्द काचेपलीकडं गेला नव्हता.

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी सोलापुरात शिरताना काटा टोकाला गेला आणि बॉनेटमधून वाफ. एकची पाळी होती आमची. हिला एका दुकानाच्या सावलीला पायरीवर बसवली, रिक्षा शोधली, जाईपर्यंत पाऊण तास उशीर. मागं दुसऱ्या पेशंटची पाळी असते, मशिन कुणासाठी थांबत नाही. चार तासांच्या जागी तीन तासच मिळाले. त्या रात्री तिला आडवं होता येईना, उशांना टेकून बसून राहिली. तिनं गाडीचं नाव काढलं नाही. मीच रात्रभर काढत होतो.

गाडी परत त्याच सेंटरात. या खेपेला त्यांनी दोष शोधला, नाही म्हणणार नाही. रेडिएटरच्या पंख्याची वायर उंदरानं खाल्ली होती. इलाज काय, तर पंख्याची अख्खी असेंब्ली आणि वायरिंगचं किट बदलायचं. ३१ हजार. पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस. मी म्हटलं, पंखा फिरतोय का नाही ते वायर जोडून तरी बघा. तर म्हणे जोड द्यायची पद्धत नाही, कंपनीचा नियम आहे. पंखा खराब नसताना तो का बदलायचा, याचं उत्तर त्या पोराजवळ नव्हतं. तो आत जाऊन विचारून यायचा आणि तेच वाक्य परत सांगायचा.

मंगळवारी भाड्याच्या गाडीला अडीच हजार मोजले. बुधवारी पहाटे गारव्यात गाडी सोडवून घेतली. हीटर पूर्ण सोडून, काचा खाली करून, कुठं न थांबता बार्शी गाठली. हीटर लावला की इंजिनाची थोडी गरमी आत येते, एवढं मला ठाऊक होतं. घामानं निथळलो, पण काटा धरून ठेवला.

बार्शीच्या मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड. तो हात पुसत आला, मी बोलायला लागलो, तर त्यानंच मधी विचारलं, "थांबलं की चढतो न्हवं?" बघा. एसी लावून पंखा बघितला, फिरेना. खाली वाकून बॅटरी मारली, कुरतडलेल्या दोन वायरी ओढून मला दाखवल्या. नवी वायर, जोड, वरून नळी चढवून शेकली. पंखा गरकन फिरला. अर्धा तास, साडेतीनशे रुपये. जाताना म्हणाला, "आप्पा, गाडी कडब्याच्या गंजीपाशी लावताय जणू. तिथनं हलवा आधी." गंजीपाशीच लावत होतो. हेही त्यालाच सुचलं.

आता कुणी म्हणेल, जोडलेली वायर उद्या परत तुटली तर? तुटेल कदाचित. तेवढा धोका मी समजून घेतला, कारण वायर मला दाखवली होती. एकतीस हजारांचा धोका मला कुणी दाखवलाच नव्हता.

मी काही जुनं ते सोनं म्हणणारा नाही. आमच्या लहानपणी गावच्या लोहाराला आम्ही शेतकऱ्यांनीच कमी नाडलं नाही. खळ्यावर बलुतं मागायला आला की तळातलं, माती मिसळलेलं धान्य त्याच्या सुपात. माझ्या घरानंही तेच केलंय, लपवून काय उपयोग? पण फाळ घेऊन गेलं की तो विचारायचा, रान कोणतं, कुठं अडतं, मुरूम लागला का. भाता ओढायला आम्हालाच बसवायचा. आपल्या फाळाचं काय चाललंय ते डोळ्यांदेखत असायचं.

पोरं म्हणतात, बाहेर हात लावू दिला तर वॉरंटी जाते. ही भीती कशी पेरली जाते त्यावर सरकारदरबारी निकाल होऊन गेलाय. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला. कारण हेच, की सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्याला मिळू देत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला आपल्याच दारात बांधून ठेवतात. कंपन्या अपिलात गेल्या. माझ्या गाडीची वॉरंटी तर केव्हाच संपलेली, तरी थोरला फोनवर म्हणत होता, "आप्पा, बाहेर दाखवू नका." त्याच्या डोक्यात भीती पक्की बसली आहे, वॉरंटी असो नसो. ग्राहकांच्या तक्रारीला १९१५ नंबर आहे, २०१९ चा कायदा आहे. पण तक्रार करायची कशाची? बिलावर माझी सही आहे. काचेवर बोटानं केलेली.

आठवड्यानं त्या टायवाल्या पोराचा फोन आला. आवाज वेगळाच, घाबरा.

"काका, तुम्हाला कंपनीतून फोन येईल. दहापैकी किती विचारतील. दहाच सांगा. नऊ सांगितले तरी मला धरतात."

मी विचारलं, कुठला रे तू? मोहोळकडचा निघाला. बापाची तीन एकर कोरडवाहू. म्हणाला, गाडीमागं अमुक एक रक्कम बिलात आलीच पाहिजे असं टार्गेट असतं, ड्रेसिंग, क्लीनिंग त्यातलंच. स्वतःहून म्हणाला, "काका, तुमचं काट्याचं मला आठवत होतं. पण त्या दिवशी बावीस गाड्या होत्या."

दुसऱ्या दिवशी फोन आला. एक बाई गोड आवाजात बोलत होत्या. सोय कशी वाटली, बसायची जागा कशी, कॉफी मिळाली का. शेवटी दहापैकी किती? मी म्हटलं, दहा द्या त्या पोराला. मग म्हटलं, बाई, आता माझं ऐका आणि लिहून घ्या, मी गाडी थांबल्यावर काटा चढतो असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "सर, त्याला माझ्याकडे ऑप्शन नाही."